हरवलेले पत्र ‘स्पॅम’मध्ये तर नाही ना?

परदेशी असलेल्या मुलाने पाठविलेली कागदपत्रे, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, महाविद्यालयीन प्रवेशाचा निरोप किंवा धर्मग्रामाच्या कार्यालयाचे परिपत्रक आज ई-मेलने येते. पाठविणारा ‘पाठविले’ असे सांगतो, आपल्या इनबॉक्समध्ये मात्र काहीच दिसत नाही. अशा वेळी पुष्कळदा ते पत्र ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात पडून असते. जीमेलमध्ये या कप्प्यातील संदेश ३० दिवसांनंतर आपोआप कायमचे पुसले जातात. म्हणून शोध वेळेत घेणे महत्त्वाचे ठरते.

चाळणी का चुकते?

न मागता असंख्य लोकांना पाठविलेला संदेश म्हणजे स्पॅम. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीने आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठविली. तो या प्रकाराचा पहिला नमुना मानला जातो. पुढे अशा संदेशांचा पूर आला आणि त्यांना अडविणाऱ्या चाळण्या निघाल्या.

ही चाळणी पत्र वाचून त्याचा अर्थ जाणत नाही, ती केवळ शक्यता जोखते. शब्द कोणते आहेत, दुवे कोठे नेतात, पाठविणाऱ्याची ओळख पटते का आणि पूर्वी इतरांनी त्याच्याविषयी तक्रार केली आहे का, यांवरून ती निर्णय देते. त्यामुळे एखादे प्रामाणिक पत्रही संशयित ठरते.

पत्र सोडवून कसे आणावे?

१. जीमेलचा नेहमीचा शोध स्पॅममध्ये पाहत नाही. म्हणून मेन्यूमधून ‘स्पॅम’ हा कप्पा स्वतः उघडावा. आउटलुकमध्ये त्याचे नाव ‘जंक ई-मेल’ असे आहे.

२. पत्र उघडल्यावर जीमेल ते का अडविले याचे कारण वरच्या बाजूस दाखविते. ते आधी वाचावे.

३. पत्र खरे असल्याची खात्री पटल्यावर ‘नॉट स्पॅम’ हा पर्याय निवडावा. पत्र इनबॉक्समध्ये परत येते आणि चाळणीलाही धडा मिळतो.

४. पाठविणाऱ्याचा पत्ता संपर्कयादीत नोंदवावा. तरीही अडचण राहिल्यास संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये त्या पत्त्यासाठी फिल्टर तयार करून ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ ही सूचना द्यावी.

५. तो पत्ता आपणच कधी ‘ब्लॉक’ केला नाही ना, हेही तपासावे. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्याची पत्रे थेट स्पॅममध्ये जातात.

पाठविणाऱ्यांची जबाबदारी

स्वतःच्या डोमेनवरून पत्रके पाठविणाऱ्या संस्थांनी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी तंत्रज्ञाकडून करून घ्याव्यात. पत्र खरोखर त्याच संस्थेचे आहे, याची ती ओळखपत्रे होत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी हे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक संदेश पाठविणाऱ्यांना या तिन्ही नोंदी बंधनकारक आहेत. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींचे प्रमाणही ०.३ टक्क्यांच्या खाली असावे लागते. जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून दाखवून दुसऱ्याच सेवेमार्फत पत्रके पाठविल्यासही ती अडकतात.

वाचकांचेही येथे कर्तव्य आहे. नको असलेल्या परिपत्रकातून ‘अनसबस्क्राइब’ करून बाहेर पडावे. त्याला कंटाळून ‘स्पॅम’ म्हटल्यास तेच पत्र इतरांपर्यंत पोहोचणेही अवघड होते.

सावधगिरी हवीच

स्पॅममधील बहुतेक पत्रे तेथेच असावयास हवीत. बँकेचे खाते बंद होईल अशी भीती घालणारे, बक्षिसाचे आमिष दाखविणारे किंवा ओटीपी मागणारे पत्र मुळीच बाहेर काढू नये. नाव ओळखीचे दिसले तरी प्रेषकाचा पूर्ण पत्ता अक्षरशः तपासावा. शंका असल्यास त्यातील दुव्याला हात न लावता त्या व्यक्तीस दूरध्वनी करून विचारावे. महत्त्वाच्या पत्राची वाट पाहत असताना दर दोन-चार दिवसांनी हा कप्पा डोळ्यांखालून घालण्याची सवय लावून घेतली, तर मोलाची संधी हातची जाणार नाही.