छोट्या आगगाडीचीं स्टेशनें : प्रमाणाचा प्रश्न

टेबलावर मांडलेल्या रुळांवरून छोटी आगगाडी धांवूं लागली कीं पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम इंजिनाकडे जातें. परंतु एकंदर देखावा खरा वाटतो कीं लुटुपुटीचा, हें बहुधा रुळांच्या कडेच्या इमारतींवर ठरतें. इंजिन कारखान्यांतून मापाबरहुकूम तयार होऊन येतें. स्टेशन, मालधक्का, फाटकवाल्याची चौकी हीं मात्र अनेक हौशी लोक पुठ्ठा, लांकूड व प्लॅस्टिकचे पातळ तक्ते कापून घरींच उभारतात, आणि पुष्कळदां मापें काळजीनें घेऊनहि तें स्टेशन खेळण्यासारखें दिसतें. असें कां व्हावें?

या छंदांत जगभर सर्वाधिक रूढ असलेलें प्रमाण सत्याऐंशीस एक, म्हणजे एच-ओ, हें होय. त्यांत एका फुटाचे साडेतीन मिलिमीटर होतात. पांच फूट आठ इंच उंचीचा माणूस वीस मिलिमीटरचा होतो, सात फुटी दरवाजा साडेचोवीस मिलिमीटरचा. इंग्लंडांत मात्र ओ-ओ नांवाचें सुमारें शहात्तरास एक असें प्रमाण चालतें व तेथें फुटास चार मिलिमीटर धरतात. दोन्ही प्रमाणांच्या गाड्या साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या एकाच रुळांवर धांवत असल्यामुळें घोटाळा सहज होतो. ओ-ओचा सात फुटी दरवाजा अठ्ठावीस मिलिमीटरचा. एच-ओच्या माणसाशेजारीं तो आठ फुटी भासतो. पाहणाऱ्यास हे आंकडे ठाऊक नसतात, पण माणूस दारांतून कसा जातो हें त्याचा डोळा जन्मभर पाहत आलेला असतो. (भारतीय ब्रॉडगेजला या प्रमाणांत खरें पाहतां सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंदी हवी, साडेसोळावर भागवून घेतलें तर तें मात्र फारसें खुपत नाहीं. दारांतून सर्वच जातात, रुळांची रुंदी कोण मोजतो?) म्हणून दार, जिन्याची पायरी, कठडा, बांक अशा माणसाच्या अंगाशीं निगडित वस्तूंच्या मापांत तिळमात्र सूट घेऊं नये.

लांबींत मात्र सूट घेणें भागच पडतें. २०२३ सालीं खुला झालेला हुबळीचा १५०७ मीटरचा फलाट या प्रमाणांत सतरा मीटरांहून लांब होईल. एवढी खोली कोणाच्या घरीं असणार! येथें बहुतेकांची चूक होते ती अशी, कीं ते सबंध इमारतच थोडी थोडी आंखडतात. मग दारें ठेंगणीं होतात आणि कमानी चेपल्यासारख्या दिसतात. खरा उपाय निराळा आहे. मूळच्या स्टेशनास सात कमानी असतील तर पांच किंवा तीनच घ्याव्या, पण जी घेतली ती पुऱ्या मापाची असावी. संख्या विषम ठेवली म्हणजे मधलें प्रवेशद्वार मधेंच राहतें. छपराच्या बाबतींतहि हेंच. चोवीस फूट खोलीच्या इमारतीचा आढा भिंतीच्या माथ्यापासून आठ फूट वर असेल, तर खोली अठरा फूट करतांना आढा सहा फुटांवर आणला पाहिजे. तो आठ फुटांवरच ठेवला तर उतार बदलतो व घरावर टोपी घातल्यासारखें दिसतें.

याहून सूक्ष्म, आणि अधिक घातक, चूक जाडीची आहे. एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा म्हणजे खऱ्या मापानें जवळजवळ साडेतीन इंच. दगडी भिंत अठरा इंचांची असली तर तिला सव्वापांच मिलिमीटर हवेत. साध्या पुठ्ठ्याची भिंत खिडकीच्या कडेशीं कागदासारखी पातळ दिसते. उलट त्याच पुठ्ठ्याचें छप्पर केलें कीं वळचणीची कड फळीसारखी जाड दिसते. एकाच वस्तूनें भिंत फार पातळ आणि छप्पर फार जाड व्हावें, ही या कामांतली गंमत आहे. भिंतीस आंतून पुठ्ठ्याचे थर चिकटवून खिडकीला खोली द्यावी. छपराची कड खालच्या बाजूनें तिरपी तासून काढावी. खिडकीच्या तावदानांमधली इंचभर पट्टी तर अवघी तीन दशांश मिलिमीटरची. ती कापण्याचा हट्ट धरण्यापेक्षां पारदर्शक तक्त्यावर बारीक रेघ ओढलेली बरी. विटांच्या दर्जा खोल कोरूं नयेत. तीन अष्टमांश इंचाची दर्ज येथें मिलिमीटरचा नववा भागहि भरत नाहीं. तिच्यासाठीं रंगाचा फरक पुरे.

मूळ इमारतीचे नकाशे बहुधा मिळत नाहींत. तेव्हां भिंतीसमोर सरळ उभें राहून छायाचित्र घ्यावें व भिंतीशीं मापाची काठी उभी करावी. विटांचे दहा थर एकदम मोजून दहानें भागलें म्हणजे एका थराची उंची हातीं येते, आणि मग छायाचित्रांतले थर मोजून धाब्यापर्यंतची उंची काढतां येते. हें काम वेळींच झालें पाहिजे. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग आज ब्रॉडगेज झाला आहे, आणि मार्ग बदलला कीं जुन्या इमारतींस बहुधा रजा मिळते. इंग्लंडांत रॉय इंग्लंड नांवाच्या गृहस्थानें भोंवतालचीं खेड्यांतलीं जुनीं घरें पालटतांना पाहून त्यांच्या प्रतिकृती करावयास घेतल्या व १९५४ सालीं लाँग विटनहॅम येथें पेंडन संग्रहालय स्थापन केलें. तेथील घरें पाहणाऱ्यास एक गोष्ट जाणवते : तीं सुबक केलेलीं नाहींत, मोजलेलीं आहेत. मूळ दार वांकडें असेल तर तें वांकडेंच आहे.

शेवटीं डोळ्याच्या जागेचा विचार. टेबलावर अर्धा मीटर वरून पाहणारा, छोट्या माणसांच्या हिशेबानें, सुमारें एकशें चाळीस फूट उंचावरून पाहत असतो. खऱ्या जगांत छप्पर सहसा दिसत नाहीं; येथें तेंच आधीं दिसतें. म्हणून चांगला पुठ्ठा कापण्यापूर्वीं रद्दी पुठ्ठ्याचा कच्चा सांगाडा करून जागेवर ठेवावा, दाराशीं वीस मिलिमीटरचा माणूस उभा करावा, आणि एकदां वरून व एकदां गुडघे टेकून फलाटाच्या पातळीवरून पाहावें. जेथें डोळा अडखळेल तेथें आधीं दार मोजावें, मग छप्पर.