उचल्या, अक्करमाशी, उपरा : आपल्याच आत्मकथनांना लेखकांनी अशी नावं का दिली?

कुणी तुम्हाला 'उचल्या' म्हणून हाक मारली तर? राग येणारच. उचल्या म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलून पळणारा, भुरटा चोर. पण १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांनी स्वतःच्या आत्मकथनाला हेच नाव दिलं आणि १९८८ साली त्याच पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हे एकच पुस्तक नाही. 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'कोल्हाट्याचं पोर'... मराठीत अशा नावांची रांगच आहे. इतरांनी चिकटवलेले शब्द या लेखकांनी थेट मुखपृष्ठावर का छापले?

आधी एक फरक समजून घेऊ

या पुस्तकांना बहुतेक वेळा 'आत्मचरित्र' न म्हणता 'आत्मकथन' म्हटलं जातं. आत्मचरित्र म्हटलं की आयुष्यभर काम केलेला, नाव कमावलेला माणूस उतारवयात मागे वळून पाहतोय, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे तसं नव्हतं. 'उपरा' आलं तेव्हा लक्ष्मण माने ३१ वर्षांचे होते. 'अक्करमाशी' आलं तेव्हा शरणकुमार लिंबाळे २८ वर्षांचे होते. सांगायला यशाची कहाणी नव्हती, पण आपण नेमके कोण, हा प्रश्न होता. त्यातले अनेक जण घरातल्या शिकलेल्या पहिल्या पिढीतले होते.

सुरुवात : बलुतं, १९७८

गावाची कामं करणाऱ्यांना शेतकऱ्याकडून धान्याचा जो वाटा मिळायचा, तो म्हणजे बलुतं. महारांच्या वाट्याला गावची राखण, निरोप पोहोचवणं, मेलेली जनावरं ओढणं अशी कामं असायची. दया पवार यांनी हा शब्द आपल्या पुस्तकासाठी निवडला. जन्मासोबत आपल्या पदरात जे पडलं, ते हे.

या पुस्तकाची रचनाही वेगळी आहे. लेखक दया पवार आणि गावाकडचा दगडू मारुती पवार यांच्यात इथे संवाद होतो. दोघंही एकच माणूस. एक शिकलेला, शहरात नोकरी करणारा. दुसरा महारवाड्यातला आणि मुंबईतल्या कावाखान्यातला. शिक्षणानं नाव बदललं, पण जुना दगडू पाठ सोडत नाही.

एका माशानं कमी

'अक्करमाशी' शब्दाचा उगम सोनाराच्या तराजूत आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकराच मासे भरले, तर तोळा अपुरा. लग्नाबाहेरच्या संबंधातून जन्मलेल्या मुलाला म्हणून अक्करमाशी म्हणत, म्हणजे 'पूर्ण' नसलेला.

लिंबाळे यांची आई महार, वडील गावचे पाटील आणि लहानपणी आधार देणारा आजीचा सोबती मुसलमान. मग आपली जात कोणती, धर्म कोणता? 'वडिलांचं नाव काय?' हा शाळेतला साधा प्रश्न या पुस्तकात सगळ्यात अवघड होऊन बसतो.

कायद्यानंच लावलेला शिक्का

'उचल्या'मागे तर सरकारी कागद आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या डोक्यातून तो गेला नाही. चोरी झाली की संशय आधी यांच्यावरच.

'उपरा'चं दुखणं थोडं वेगळं. कैकाडी समाज गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणत गावोगाव फिरायचा. प्रत्येक गावाला ते परकेच. त्यात मुलगा शिकला, की पालावरच्या माणसांनाही तो पूर्वीसारखा आपला वाटत नाही. दोन्हीकडून उपरा.

बायकांनी लिहिलं तेव्हा

बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. त्यांनी लिहिलेलं सुमारे वीस वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं. नावातला 'आमुचं' महत्त्वाचा. त्यांनी स्वतःपेक्षा वस्तीतल्या बायकांबद्दल जास्त लिहिलं. गावाकडून होणारा छळ सांगितलाच, पण घरात नवऱ्याकडून आणि सासूकडून होणारा छळही झाकला नाही.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्येही (२००३) हेच दिसतं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, टोपल्या. कोकणात त्यांची आई ती विणून घर चालवायची.

सांगण्याची किंमत

अशा लिखाणावर टीका बाहेरूनच झाली असं नाही. 'घरातलं उकिरड्यावर कशाला आणायचं?' असा प्रश्न आपल्याच माणसांनीही विचारला. तो अगदीच चुकीचा नव्हता. कारण लेखक स्वतःबद्दल लिहितो, तेव्हा आई, आजी, बहीण यांचीही गोष्ट सांगून टाकतो आणि त्यांची परवानगी घेतलेली असतेच असं नाही. या लेखकांचं उत्तर पुस्तकांच्या नावांतच आहे. शब्द लपवला तर तो शिवी म्हणूनच राहतो. तो आपणच उच्चारला, तर तो कुणी आणि का दिला, हे विचारता येतं.

किशोर शांताबाई काळे यांनी तर हे स्वतःच्या नावातच केलं. आई कोल्हाटी समाजातली, तमाशात नाचणारी. वडिलांचं नाव मिळालं नाही. मुलगा शिकून डॉक्टर झाला आणि १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहिताना वडिलांच्या नावाच्या जागी त्यानं आईचं नाव ठेवलं.

त्यानंतर तीस वर्षांनी, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारनं शासकीय कागदपत्रांसाठी बंधनकारक केलं. आता फॉर्म भरताना जी जागा सगळ्यांसाठी आहे, ती किशोर काळेंनी आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आधीच भरून ठेवली होती.