एकर किती, आणि माती किती?

भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न आपण आजवर एकरांत मांडत आलो. १९५९ साली आणि पुढे १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहांनी तो देशापुढे आणला. त्या वेळी तो एकरांत मांडणे आवश्यकच होते. परंतु पिकाला क्षेत्रफळाइतकीच मातीची खोलीही लागते. ही बाजू कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे.

महाराष्ट्राच्या पठाराचा मोठा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक झिजला की त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. उतारावरची बारीक माती हजारो वर्षे पावसाबरोबर खाली वाहत आली. त्यामुळे खोलगट भागात आणि नदीकाठी मीटर-दोन मीटर काळी साठली, तर माळावर वीतभर मातीखाली मुरूम उरला. एकाच शिवारात, एकाच पावसात या दोन जमिनींचे पीक वेगळे का, याचे उत्तर त्या किती पाणी धरतात यात आहे.

भारी काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. तिचे कण पाणी घेऊन फुगतात, वाळले की आकसतात. उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच. अशी एक मीटर खोल जमीन पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलीमीटर पाणी धरून ठेवते. सोलापूर-मंगळवेढ्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली शाळू ज्वारी पुढे फारसा पाऊस नसताना उभी राहते, ती या साठ्यावर. हीच जमीन पावसाळ्यात लवकर वाफशावर येत नाही, म्हणून ती खरिपात पड ठेवण्याची रीत पडली. तिला निचऱ्याशिवाय कालव्याचे पाणी भरमसाट दिले, तर ती खारवट किंवा चोपण होते.

आता माळाचा हिशेब पाहा. वीतभर मुरमाड माती फार तर ३०-४० मिलीमीटर पाणी धरते. भरात आलेले पीक दिवसाला ४-५ मिलीमीटर पाणी पिते. म्हणजे साठा आठवडाभराचा. पावसाने तीन आठवडे ओढ दिली की पीक करपणारच. यात कसणाऱ्याचा आळस वा अडाणीपणा शोधणे हा अन्याय आहे. अशा जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा, कारळे ही कमी पाण्यावर निभावणारी पिके तग धरतात. मुरमाच्या फटींतून मुळे खाली नेणारी सीताफळ-बोरासारखी झाडेही येतात. ऊस तिथे लावणे म्हणजे कर्ज पेरणे होय.

राज्यकर्त्यांना हा भेद ठाऊक होता. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचे नियम १८४७ च्या जॉइंट रिपोर्टने पक्के केले. त्यात मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरे. उत्तम जमीन सोळा आणे. सारा वसूल करताना खोली मोजली गेली. मग वाटप करताना ती का मोजू नये?

गायराने बहुधा माळावरची. गावाने नांगराखाली न घेतलेली जमीन गुरांसाठी उरली, आणि भूमिहीनाने तीच फोडली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने सुरू झालेल्या योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत असे माप ठरले. पण वीतभर मातीचे चार एकर आणि मीटरभर काळीचे चार एकर हे एकच माप नव्हे.

म्हणून जमीन ताब्यात घेण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे आणि पंचनाम्यात नोंदवून घ्यावे. उथळ जमीन असेल तर अधिक क्षेत्र, उताराला आडवे बांध आणि तलावाचा गाळ यांची मागणी त्याच अर्जात करावी. बांधाशिवाय उतार नांगरला, तर आहे तीही माती दरसाल वाहून जाते. सातबाऱ्यावर मात्र एकर तेवढेच राहतात. हक्काची जमीन नुसती कागदावर उरू द्यायची नसेल, तर तिच्यातील माती राखणे हाही लढ्याचाच भाग मानला पाहिजे.