निरोप व बोलावणें : इ. स. १८१७-१८ मधील पेशव्यांची फौज

मराठेशाहीच्या कागदपत्रांत "फौजेस निरोप दिला" हे शब्द वारंवार आढळतात. आजचा वाचक त्यांचा अर्थ, फौज मोडली व शिपाई चाकरींतून दूर झाले, असा करतो. हा अर्थ सर्वत्र लागू पडत नाहीं. निरोप मिळालेला शिलेदार गांवीं गेला, तरी त्याचा घोडा, त्याचें हत्यार व सरकारशीं असलेलें त्याचें नातें हीं त्याच्याबरोबरच गांवीं जात, आणि बोलावणें आलें म्हणजे त्याच्याबरोबरच परत येत. निरोप हा चाकरीचा शेवट नसून पुष्कळदां चाकरीचाच एक भाग असे. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरच्या वर्षाचें वर्णन नेहमीं अर्धवट राहतें. त्या वर्षीं घरीं लावून दिलेली फौज बोलावतांच जमा झाली, आणि पुढें कांहीं महिन्यांतच ती पुन्हां घरीं निघून गेली. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशीं वतन हें एकच कारण होतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. निरोपाची रीत

सभासदाच्या बखरींत शिवकालीन लष्कराचा जो क्रम दिला आहे तो सर्वश्रुत आहे. पावसाळ्यांत लष्करानें स्वदेशीं छावणीस यावें, दसऱ्यास बाहेर पडावें, आठ महिने परमुलुखांत काढावे, आणि जातांना व येतांना प्रत्येकाच्या सामानाची झडती व्हावी. या क्रमांत दोन जातींचे स्वार होते. बारगिराचा घोडा सरकारचा, म्हणून तो पागेशीं बांधलेला. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. त्यामुळें मोहीम संपल्यावर त्यास छावणींत पोसण्याची सरकारास गरज नसे. पेशवाईंत मोहिमांचा पल्ला लांबला व शिलेदारांचा भरणा वाढला, तसतसें या निरोपाचें महत्त्वहि वाढलें.

निरोप दिलेल्या माणसास परत आणण्याचीं साधनें तीन होतीं. पहिलें नालबंदी, म्हणजे चाकरीच्या भरंवशावर शिलेदारास अगाऊ दिलेली रक्कम. ती घेतलेला माणूस बोलावल्यावर न आला तर तो सरकारचा देणेकरी ठरे. दुसरें चेहरेपट्टी व हजिरी. माणसाचा चेहरा, घोड्याचा रंग व खुणा लिहून ठेवलेल्या असत, त्यावरून परत आलेला स्वार तोच कीं बदली, याची पारख होई. तिसरें आणि सर्वांत बळकट साधन म्हणजे वतन. शिपाई पळून गेला तरी शेत, पाटिलकी, देशमुखी किंवा इनाम पळून जात नाहीं. ज्याचें वतन सरकारच्या हातांत, तो माणूसहि सरकारच्या हातांत.

२. वतनाची ओढ

वतनाच्या जोरावर फौज परत आणण्याचा सर्वांत मोठा प्रयोग छत्रपति राजारामांच्या कारकीर्दींत झाला. इ. स. १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाल्यावर अनेक देशमुख व सरदार मोगलांकडे गेले होते. त्यांस परत स्वराज्यांत आणण्यासाठीं जिंजीहून व देशांतून जीं पत्रें सुटलीं, त्यांत वतनांचीं व सरंजामांचीं अभिवचनें आहेत. हणमंतराव घोरपडे यांच्या नांवच्या इ. स. १६९१ च्या पत्रांत तर रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद व अखेर दिल्ली अशा पायऱ्यांनीं बक्षिसाचें वचन दिलेलें आहे. तिजोरी रिकामी असतां फौज उभी राहिली ती या वचनांवर. परंतु याच काळाचा कारभार वाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जो कडक इशारा दिलेला आहे, तोहि तितकाच बोलका आहे. वतनदार राज्याशीं एकनिष्ठ राहतोच असें नाहीं. त्याची निष्ठा प्रथम वतनाशीं असते, आणि वतन जो राखील त्याच्याकडे तो वळतो, हें अमात्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें. हा इशारा खरा ठरण्यास पुढें शंभरांवर वर्षें जावीं लागलीं.

३. इ. स. १८१७ चा निरोप

गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणावरून त्रिंबकजी डेंगळे कैदेंत पडला व पळाला. त्याचा परिणाम म्हणून ता. १३ जून १८१७ रोजीं पुण्याचा तह बाजीरावावर लादण्यांत आला. मराठी राज्याच्या पुढारीपणावरचा हक्क त्यास सोडावा लागला. पूर्वीच्या करारान्वयें इंग्रजांच्या मदतीस ५००० स्वार व ३००० पायदळ ठेवण्याचें त्याच्याकडे होतें. त्याऐवजीं ३४ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख त्यानें तोडून द्यावा, असें ठरलें. याचा अर्थ, जी फौज पेशव्यानें बाळगावयाची ती आतां इंग्रज बाळगणार, आणि पेशव्यानें आपले स्वार कमी करावयाचे.

बाजीरावानें स्वार कमी केले. मात्र कसे, हें ग्रँट डफनें नमूद करून ठेवलें आहे. निरोप दिलेल्या स्वारांस सात महिन्यांचा पगार अगाऊ देऊन गांवोगांव लावून दिलें, आणि बोलावणें येतांच आपल्या सोयऱ्याधायऱ्यांसह हजर व्हावें, अशी ताकीद दिली. तहाचें कलम पाळल्याचें दिसलें व फौजहि मोडली नाहीं. नालबंदीची जुनीच रीत येथें मोठ्या प्रमाणावर व गुप्त हेतूनें वापरलेली आहे.

अशी युक्ति त्याच दशकांत युरोपांतहि योजली गेली होती. इ. स. १८०८ च्या करारानें नेपोलियननें प्रशियाच्या सैन्याची मर्यादा ४२,००० ठरविली. तेव्हां शार्नहोर्स्ट या सेनाधिकाऱ्यानें पलटणींतून थोडथोडे शिपाई शिकवून रजेवर घरीं धाडण्याचा व त्यांच्या जागीं नवे घेण्याचा क्रम ठेवला. इ. स. १८१३ मध्यें युद्धाची वेळ येतांच ते शिकलेले लोक परत बोलावतां आले. पुणें व बर्लिन यांस एकमेकांची वार्ता असण्याचें कारण नाहीं. दुर्बळ झालेल्या राज्यास सारखाच पेंच पडला म्हणून सारखीच वाट सुचली. पण एक भेद मोठा होता. प्रशियाचा रजेवरचा शिपाई नेमलेल्या पलटणीचा असे व तिच्याच शिस्तीनें बांधलेला असे. पुण्याचा स्वार पैशानें, ओळखीनें व वतनानें बांधलेला होता.

४. दसऱ्याची भरती

ऑगस्ट महिन्यांत माहुली येथें सर जॉन माल्कम व बाजीराव यांची भेट झाली. पेंढाऱ्यांवरील मोहिमेस मदत करावयाची म्हणून फौज जमविण्यास बाजीरावास मोकळीक मिळाली, आणि तारण म्हणून घेतलेले सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्लेहि इंग्रजांनीं परत केले. एल्फिन्स्टनचा संशय गेला नव्हता; तथापि माल्कमच्या सल्ल्यापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. बोलावण्यास सबब हवी होती, ती इंग्रजांनींच पुरविली. बापू गोखल्यांकडे तयारीसाठीं सुमारे एक कोट रुपये दिल्याचें ग्रँट डफ सांगतो. किल्ल्यांची डागडुजी व धान्याची भरती सुरू झाली.

ता. १९ ऑक्टोबर १८१७ रोजीं दसरा होता. त्या दिवशीं पुण्यांत जमलेल्या फौजेचा आंकडा व तिची वागणूक पाहून इंग्रज अधिकारी चकित झाले. स्वारांची एक मोठी टोळी तर त्यांच्या पलटणीवर चालून गेल्यासारखी घोडे फेंकीत जवळ आली. जून महिन्यांत कमी केलेले स्वार दसऱ्यास भरल्यासारखे दिसले, ही निरोपाच्या रीतीची कसोटी होती व ती तींत उतरली. सीमोल्लंघनाच्या दिवशीं हजर होण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय या कामीं उपयोगी पडली असली पाहिजे.

ता. ५ नोव्हेंबर रोजीं खडकीची लढाई झाली. पेशव्यांकडे सुमारे १८,००० स्वार, ८,००० पायदळ व १४ तोफा, आणि इंग्रजांकडे सुमारे २,८०० लोक होते. एवढ्या संख्येनेंहि जय मिळाला नाहीं. मोरोपंत दीक्षित पडले. पेशव्यांच्याच पगारावर दापोडीस असलेली कॅप्टन फोर्डची कवायती पलटण इंग्रजांस जाऊन मिळाली. कायम पदरीं ठेवलेली फौज शत्रूकडे गेली व घरून बोलावलेली फौज धन्याकडे राहिली, हा विरोध लक्षांत ठेवण्यासारखा आहे. बोलावण्यानें माणसें जमतात. पण एकत्र कवायत न झालेलीं माणसें तोफेपुढें एक होऊन लढत नाहींत, हा धडाहि याच दिवसानें दिला.

इंग्रजांनींहि त्याच जातीच्या स्वारांचा उपयोग केला. पुण्याच्या तहानें मिळालेल्या उत्पन्नांतून उभारलेलें नवें घोडदळ शिलेदारी पद्धतीचेंच होतें. ता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईंत कॅप्टन स्टाँटनबरोबर या घोडदळाचे अडीचशें-तीनशें स्वार होते.

५. उलट बोलावणें

ता. १० फेब्रुवारी १८१८ रोजीं सातारा इंग्रजांच्या हातीं आला व दुसऱ्याच दिवशीं एल्फिन्स्टननें तेथें जाहीरनामा काढला. तो सामान्यतः पेशवाई बुडाल्याची घोषणा म्हणून वाचला जातो. लष्करी दृष्टीनें पाहतां तो फौजेस काढलेलें उलट बोलावणें आहे. वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें चालतील. धर्मांत हात घातला जाणार नाहीं. छत्रपतींस स्वतंत्र मुलूख मिळेल. मात्र बाजीरावाच्या चाकरींत असलेल्यांनीं दोन महिन्यांच्या आंत आपापल्या घरीं परत यावें, न येतील त्यांचीं वतनें जप्त होतील, आणि अशांचीं नांवें जमीनदारांनीं कळवावीं, असा त्याचा आशय होता.

येथें वतनाची दोरी दुसऱ्याच्या हातीं गेली. ज्या नात्यानें स्वार गांवाहून निघाला होता, त्याच नात्यानें तो गांवास ओढला गेला. छत्रपतींचें नांव व गादी राहणार असें कळल्यावर धन्याशीं बेइमानी केल्याचा डागहि फिका पडला. ता. २० फेब्रुवारीस आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले आणि छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले. त्यानंतर दक्षिणेकडील जहागीरदार एकामागून एक निघून गेले. ता. ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हां दसऱ्याच्या सेनेपैकीं फारच थोडी त्याच्याजवळ उरली होती. घरीं परतलेल्या स्वारास भित्रा म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच्यापुढें रणांगण व वतन असे दोन मार्ग होते. वतन गेलें असतें तर पुढील बोलावण्यास येण्याजोगें त्याच्याजवळ कांहींच उरलें नसतें.

६. कोंकणची बाजू

देशावरच्या स्वारांस निरोप देतां येत असे. किल्ल्यांवरील गडकऱ्यांस तो देतां येत नसे. त्यांचीं इनाम शेतें किल्ल्याच्या पायथ्याशींच असत व घर आणि ठाणें एकच असे. पनवेल प्रांताची गोष्ट या दृष्टीनें महत्त्वाची आहे. मुंबईहून पुण्यास जाण्याचा हमरस्ता पनवेल बंदर व बोरघाट यांवरून जात असे, आणि ता. ३० ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईकडून गोऱ्यांची पलटण पुण्यास पोंचली, म्हणूनच खडकीस इंग्रजांची बाजू सांवरली. पुढें कर्नल प्रोथरनें जानेवारी १८१८ मध्यें कर्नाळा घेतला; नंतर राजमाची, लोहगड, विसापूर असे एकामागून एक किल्ले पडून ता. १० मे रोजीं रायगडहि पडला. मैदानांतील फौज घरीं गेल्यावर किल्ल्यावरील शिबंदीस कुमक येण्याचा संभव उरला नव्हता. पनवेल व उरण यांमधील जासईसारखीं गांवें या हमरस्त्याच्या व बंदराच्या शेजारचीं. युद्धाच्या वर्षीं अशा गांवांवर होड्या, बैल, वेठ व शिबंदीचा रोजमुरा यांचा भार पडतोच. तेव्हां बोलावण्याचा इतिहास सरदारांच्या दप्तरांइतकाच गांवच्या खोत-कुळकर्ण्यांच्या रुमालांतहि शोधला पाहिजे.

७. ज्यांस पुन्हां बोलावणें आलें नाहीं

जाहीरनाम्यानें वतनदार वांचला. ज्याचें वतन म्हणजे चाकरीच होती, तो वांचला नाहीं. पुरंदरच्या बाजूचे रामोशी किल्ल्यांच्या राखणीवर जगत. ती राखण संपली, आणि इ. स. १८२६ पासून उमाजी नाइकाच्या नेतृत्वाखालीं त्यांचें बंड पेटलें; इ. स. १८३२ मध्यें उमाजीस फांशी झाली. कोल्हापूर राज्यांत गडकऱ्यांच्या जुन्या हक्कांत हात घातला गेला, तेव्हां इ. स. १८४४ मध्यें सामानगड व भुदरगड येथें बंड झालें. निरोप मिळाला पण बोलावणें कधींच आलें नाहीं, अशा शिपायांचा हा इतिहास आहे. राज्यकर्ते बदलले म्हणजे फौज मोडते. परंतु तिच्यांतील माणसें आपण अद्याप चाकरींत आहों, या समजुतीनें आणखी एक पिढी जगतात.

पुढें कंपनीची व राणीची फौज कायम पगारी झाली, आणि इ. स. १८८८ मध्यें हिंदी राखीव सैन्याचा कायदा होऊन घरीं गेलेल्या शिपायास परत बोलावण्याचा अधिकार कलमबद्ध झाला. इ. स. १९१४ चें महायुद्ध सुरू होतांच या राखीव लोकांस बोलावलें, तेव्हां त्यांतील अनेकजण वयानें व प्रकृतीनें रणांगणास निरुपयोगी ठरले. नांव पटावर असणें व माणूस लढण्याजोगा असणें यांतील अंतर कायद्यानेंहि मिटत नाहीं. जुना हजिरीनीस घोडा व स्वार दोन्ही डोळ्यांनीं पाहून मग नांव लिही, तें याच कारणानें.

८. संग्राहकांस सूचना

या विषयाचे कागद ओळखण्याची खूण सोपी आहे. शके १७३९, ईश्वर संवत्सर, किंवा सुहूर सन समान अशर मयातैन व अलफ या सालचे कागद वेगळे काढावे. त्यांत ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतच्या कागदांत अगाऊ पगाराच्या यादी, नालबंदीचे हिशेब, चेहरेपट्ट्या व "जमाव घेऊन हुजूर येणें" या मजकुराच्या ताकिदी पाहाव्या. माघापासून पुढील शके १७४० च्या चैत्रापर्यंतच्या कागदांत अभयपत्रें, हजर झाल्याचीं कबुलायतपत्रें, वतन चालविण्याविषयींच्या अर्ज्या व गैरहजर असामींच्या यादी मिळण्याचा संभव आहे. एकाच घराण्याच्या रुमालांत हे दोन्ही प्रकार सांपडले, तर ते कदापि वेगळे करूं नयेत. हिशेबाचा फाटका बंद व त्याजवळचें अभयपत्र हीं एकत्र वाचल्यावरच एका शिलेदाराचें तें वर्ष आपल्यास समजतें: दसऱ्यास तो कां आला, आणि शिमग्यापूर्वीं तो घरीं कां परतला. बखरकारांनीं त्यास नांव दिलें नाहीं. चेहरेपट्टींत तें घोड्याच्या रंगासह लिहिलेलें असतें.