आळंदीची लाली कुठे गेली?

संत तुकाराम नगरात फळवाल्याच्या गाडीवर एखादं डाळिंब मुद्दाम फोडून ठेवलेलं असतं. दाणे लालभडक, आणि चावले तरी बी दाताला लागत नाही. या फळाच्या खानदानाची मुळं अगदी जवळच, पुण्यालगतच्या आळंदीत सापडतात.

आळंदीचं जुनं डाळिंब लालच होतं, चवीला गोड आणि किंचित आंबट. पण बी असं टणक, की खाणाऱ्याने वैतागावं. त्याचं बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं, कारण आईबापांचे गुण दर बीमध्ये पत्त्यांसारखे नव्याने पिसले जातात. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी 1936 साली आळंदीच्या रोपांतून एक झाड हेरलं. मऊ बी, गोड रस. त्याचाच पुढे ‘गणेश’ झाला.

आता बी पेरलं असतं तर डाव पुन्हा पिसला गेला असता. म्हणून गुटी कलम: फांदीची साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून लावायची. म्हणजे सोलापूर-नाशिककडच्या बागांतलं गणेशचं प्रत्येक झाड हा त्या एकाच झाडाचा तुकडा! मला याच्यापुढे कुठलीही जादू फिकी वाटते.

गणेशचे दाणे मात्र फिकट गुलाबी. मऊपणा मिळाला, आळंदीची लाली हरवली.

ती परत आणायला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेशचा संकर ‘गुल-ए-शाह रेड’ या गडद लाल परदेशी वाणाशी केला. संकराच्या पहिल्या पिढीत दडून राहिलेले गुण दुसऱ्या पिढीत निरनिराळ्या जोड्यांनी वर येतात. अशा दुसऱ्या पिढीतूनच ‘भगवा’ निवडला गेला: लाल दाणे, मऊ बी, आणि वर जाड, चकचकीत साल, म्हणून लांबच्या प्रवासातही टिकणारा.

हे खानदान पुढेही वाढलं. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 2017 मध्ये आणलेल्या ‘सोलापूर लाल’मध्ये 100 ग्रॅम दाण्यांत 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह असतं, भगव्याच्या जवळपास दुप्पट. त्याच्या पूर्वजांत भगवा आहे, गणेश आहे आणि हिमालयातलं रानटी ‘दारू’ डाळिंबही आहे. हे दारू इतकं आंबट, की त्याचे दाणे वाळवून अनारदाणा करतात.