सातबारा ऑनलाइन झाला, म्हणजे बरोबर झाला?

सातबारा संगणकावर आला आणि जमिनीचा डेटाबेस तयार झाला, असं कोल्हापूरकडं सर्रास बोललं जातं. खरं तर डेटाबेस त्याआधीही होता, तलाठ्याच्या दप्तरात. गाव नमुना ७ मध्ये हक्क, १२ मध्ये पिकं, ६ मध्ये फेरफार आणि ८-अ मध्ये खातेदाराची गावातली एकूण जमीन. ‘हा गट कुणाचा?’ असं विचारलं की सात नंबर बघायचा, ‘या माणसाची जमीन किती?’ म्हटलं की आठ-अ. माहिती तीच, प्रश्नाप्रमाणं मांडणी वेगळी. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांचं जे गणिती प्रारूप मांडलं, त्याच्याशी या नमुन्यांचं नातं जवळचं आहे. उलट जुने उतारे नुसते स्कॅन करून ठेवले तर ती चित्रं झाली. ऊस असलेले गट त्यांतून आपोआप निवडून मिळत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, मग एक्सेलची एक शीट पुरे, एवढा खटाटोप कशाला? एका माणसाच्या हिशेबाला ती पुरेलही. पण गट नंबर १२५ करवीरातल्या एका गावात असेल तसा कागलातल्या दुसऱ्या गावातही असेल; जिल्हा, तालुका, गाव आणि गट मिळूनच ओळख पक्की होते, आणि ती दोनदा वापरता येणार नाही हे कुणीतरी सतत बघावं लागतं. खरेदी झाली की विकणाऱ्याचं नाव कमी व्हायला हवं आणि घेणाऱ्याचं लागायला हवं. मध्येच वीज गेली तर दोन्ही व्हावं किंवा काहीच होऊ नये, नाहीतर जमीन एक आणि मालक दोन. ही राखण करणारं सॉफ्टवेअर म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली. माहिती वेगळी, तिचा राखणदार वेगळा. गावात ते काम फेरफाराची शिस्त करत आली आहे: आधी नोंद, मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला मुदत आणि शेवटी मंडल अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र तिसराच: संगणक दाखवतोय म्हणजे खरंच असणार. हिश्श्यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसेल तर प्रणालीला तसा नियम घालून देता येतो आणि ती नोंद अडवते. पण हिस्सा भावाचा की बहिणीचा, हे तिला कुठून कळणार? ‘आण्णासो’ आणि ‘आण्णासाहेब’ आपल्याला एकच. तिच्या लेखी, वेगळं सांगितल्याशिवाय, ते दोन इसम. कायद्यानंही याची जाण ठेवली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. म्हणून तर हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा ताडून बघायला २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं: उतारे गावापुढं मोठ्यानं वाचायचे आणि चूक असेल तर खातेदारानं तिथंच सांगायची.