मनगटावरची बाराखडी

फैजपूर-सावदा पट्ट्यात केळीचे घड कापणं सुरू असताना खिशातून फोन काढायला कोणी राजी नसतं. दांड्यातून गळणारा चीक बोटांना चिकटतो, कपड्यावर त्याचा डाग पडला की निघत नाही. म्हणून तरुण पोरांच्या हातातलं स्मार्ट घड्याळ इथे नुसतं मिरवायचं राहत नाही. व्यापाऱ्याचा निरोप आला, मनगट वळवलं, वाचला. अडतं ते उत्तरापाशी.

“गाडी कधी भरता?” याला तयार यादीतलं “ठीक आहे” पाठवून काय उपयोग? बऱ्याच स्वस्त घड्याळांत लिहायची सोयच नसते. ज्यांत असते त्यांत दोन बोटं रुंदीच्या काचेवर अख्खा कळफलक कोंबलेला. बोट टेकलं की तीन-चार अक्षरं झाकली जातात. त्यांतलं कुठलं उमटलं, ते बोट उचलल्यावर कळतं.

2013 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर ‘झूमबोर्ड’ काढला. कळफलक जेमतेम 16 मिलिमीटर रुंद. पहिल्या टिचकीला तेवढा भाग मोठा होतो, पुढच्या टिचकीला अक्षर. सराव झाल्यावर वेग मिनिटाला नऊ-साडेनऊ शब्द. पण ही कथा 26 अक्षरांची.

बोलून लिहावं, तर फैजपूरकडच्या लेवा बोलीत केळीची ‘केयी’ होते. प्रमाण मराठीवर शिकलेलं यंत्र तिथे अडखळणारच. शिवाय शेजारी ट्रकचं इंजिन चालू.

देवनागरीत एकट्या ‘स्त्री’ला सहा चिन्हं लागतात: स, त, र, दोन हलन्त आणि दीर्घ ईकार. एवढ्या कळा मनगटावर मावायच्या कशा? याचं निम्मं उत्तर मुंबईच्या आयआयटीत सापडतं. तिथल्या अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी फोनसाठी ‘स्वरचक्र’ तयार केलं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चाक उघडतं, बोट सरकवून हवं ते घ्यायचं. जोडाक्षर हवं तर त्याच चाकातला हलन्त.

गोल तबकडीवर हे चाक फोनपेक्षाही शोभेल. मात्र ते बोटाखालीच उघडलं, तर झाकलंही जाईल. काही घड्याळांना कडेला फिरणारी कळ असते. मात्रा तिनं निवडायच्या आणि काचेवर फक्त व्यंजनं ठेवायची, हे कोणीतरी करून बघायला हरकत नाही.